बूच

रुझार मेस्तानं आयुष्यभर होड्या केल्या,
म्हणजे पाणी बाहेर ठेवणारं लाकूड.
मी त्याला म्हटलं, टेबल हवंय. सहा फूट बाय तीन.
पोटात संगणक, वरून काच,
आणि आत नळ्यांतून फिरतं पाणी.
तो बराच वेळ पेन्सिल शोधत राहिला.
ती कानावरच होती.
'पाणी आत?'
आत.
'मुद्दाम?'

सामान दिवाडीला फेरीतून आलं,
दोन रेडिएटर, एक पंप, तांब्याच्या नळ्यांची जुडी,
बांगड्यांच्या टोपलीला टेकवून.
टोपलीवालीनं विचारलं, फ्रीजचं का गे?
हो म्हटलं. धक्का यायला चारच मिनिटं होती.

मी न बांधलेले बंगले रंगवते.
पर्वरीच्या बिल्डरांना प्रत्येक बंगल्यामागे तलाव लागतो,
निळा, संध्याकाळचा, माणूस नसलेला.
संगणक भिंतींनी तापत नाही, छपरांनी नाही.
तापतो तो त्या पाण्यानं:
तळाच्या फरशीवर उजेडाची जी जाळी हलते
तिचा धागा न् धागा त्याला मोजावा लागतो.
पंखे बोंबलायचे.
मे महिन्यात तो आपला आपण बंद पडायचा,
अर्ध्या तलावात.

लाकूड फणसाचं.
'सागवान कशाला, तुझी मशीन काय दर्यावर जायची नाही.'
मागच्या फळीत हवेसाठी फटी पाडताना
तो पुटपुटत होता, काय पुटपुटत होता ते मी ऐकलं,
लिहीत नाही.
नळ्या मी वाकवल्या, आत स्प्रिंग घालून, गुडघ्यावर.
आठातल्या पाच फुकट गेल्या.
उरलेल्या तीन अजून थोड्या वाकड्या आहेत,
काचेतून दिसतात.

पाणी पणजीच्या गॅरेजातून, बॅटरीत घालतात ते, पाच लिटर.
'आमच्या विहिरीचं चालत नाही?'
त्यात क्षार असतात. ह्याला चवसुद्धा नसते.
'मग ते पाणी कसलं,' रुझार म्हणाला,
आणि बोट बुडवून, चाखून, खात्री करून घेतली.

मग चोवीस तास नुसता पंप.
बाकी कशालाही वीज नाही,
प्रत्येक सांध्याखाली टिश्यू पेपरची घडी.
बाळंतिणीच्या खोलीत झोपावं तशी मी जमिनीवर झोपले.
पहाटे तीनला, तिसऱ्या सांध्याखाली,
रुपयाएवढी ओल.
पाना घेतला, आवळलं.
दोन रुपये.
आणखी आवळलं.
मग पाना ठेवून दिला आणि उजाडायची वाट पाहिली.

रुझार आला तो काजूचा चीक हाताला लागलेला, तसाच.
टॉर्च धरून वाकला.
'बाय, फळ्यांत कापूस जास्त ठोकला की
होडी उघडते. कळलं?'
सांधा सोडला. आतली रबराची कडी
माझ्याच जोरानं चेपून बाहेर आली होती.
नवी बसवली, दोन बोटांनी फिरवलं,
आणि जिथं मी सुरुवात केली असती
तिथं तो थांबला.

दुसऱ्या दिवशी टिश्यू कोरडे.
मी तलाव लावला.
काचेखाली पाणी निघालं, वाकड्या नळ्यांतून,
आणि पडद्यावर दुसरं पाणी
चौकोना-चौकोनानं भरत गेलं.
पंखे गप्प.
रुझारनं टेबलाला कान लावला,
होडीच्या पोटाला लावतात तसा,
मग पडद्याकडे पाहिलं.
'ह्याच्यात पाणी कुठून भरणार?'
टँकरनं, बहुतेक.
'हं.'

पैसे घेतले, चहा घेतला,
आणि जाता जाता ड्रिल काढून
टेबलाच्या तळाला एक भोक पाडलं.
मी ओरडले.
त्यानं खिशातून लाकडाचं बूच काढलं, तासून आणलेलं,
राळ लावून तळव्यानं आत बसवलं.
म्हणाला, पाणी कधीतरी येणारच,
त्याला जायला वाट ठेवावी.

ते बूच जरा लांब झालंय.
रात्री उशिरा, एखादा तलाव संपत नसला की,
गुडघ्याला लागतं.